मागाल तशी माती

कसोटी सामना तिसऱ्या दिवशी चहापानाच्या आत आटोपला की देशभर मातीतज्ज्ञांचं पीक येतं. ज्यांच्या बाल्कनीत तुळस जगत नाही, ते काळ्या मातीतलं चिकणमातीचं प्रमाण सांगू लागतात. यात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळेल असा आखाडा बनवणं हा पाहुण्यांवर अन्याय. दुसऱ्याचं म्हणणं, ते आपल्याला हिरव्यागार गवतावर नाचवतात तेव्हा न्यायदेवता काय रजेवर असते? आवाज दोघांचाही टिपेला पोचलेला असतो आणि धावफलक दोघांनीही धड वाचलेला नसतो. वाचला असता तर कळलं असतं, की फिरकीच्या खेळपट्टीने अन्याय होतो खरा, पण तो बहुतेक वेळा यजमानांवर. तोही त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतलेला.

पुण्याजवळच्या गहुंज्याचंच घ्या. आमच्या खंडाळ्यापासून (साताऱ्याचा खंडाळा, चिक्कीचा नव्हे) ते काही फार लांब नाही. शिरवळ मागे टाकायचं, खेड-शिवापूरला टोल भरायचा, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून बाह्यवळणाने सुटायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे पहिलीवहिली कसोटी झाली. समोर ऑस्ट्रेलिया. भारत सलग १९ कसोटींत हरलेला नव्हता. आता अशा संघाला साधी, सरळ, चार दिवस टिकणारी खेळपट्टी दिली असती तर त्याने पाहुण्यांना सावकाश, सन्मानाने हरवलं असतं. पण आपल्याकडे सावकाश म्हटलं की अपमान वाटतो. खेळपट्टी इतकी कोरडी ठेवली होती की पहिल्याच सत्रात चेंडू पडेल तिथून धूळ उठत होती. आणि ती तयार करणारे कोण, तर पांडुरंग साळगावकर. महाराष्ट्राचे एकेकाळचे तुफान वेगवान गोलंदाज. सत्तरच्या दशकात रणजीतले फलंदाज ज्यांच्यासमोर बिचकायचे, त्यांच्या नावावर फिरकीचा आखाडा जमा व्हावा, हाही एक दैवदुर्विलास.

ऑस्ट्रेलिया २६०. भारत ३ बाद ९४ वरून सर्वबाद १०५. म्हणजे ११ धावांत सात गडी. दुसऱ्या डावात १०७. तिसऱ्या दिवशी ३३३ धावांनी हार. हा पराक्रम स्टीव्ह ओकीफ नावाच्या डावखुऱ्या फिरकीपटूचा. पहिल्या डावात ३५ धावांत सहा, दुसऱ्या डावात पुन्हा ३५ धावांत सहा. हा गृहस्थ आयुष्यात नऊ कसोटी खेळला आणि त्याला ३५ बळी मिळाले. त्यातले १२ एकट्या गहुंज्यात. अश्विन आणि जडेजा त्या वेळी क्रमवारीत जगातले पहिले दोन गोलंदाज होते. त्या दोघांना मिळून सामन्यात बळी किती? १२. आणि ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात भारताकडून सर्वांत जास्त गडी टिपले ते उमेश यादवने, म्हणजे नागपूरकडच्या वेगवान गोलंदाजाने. फिरकीसाठी एवढं मैदान सुकवलं आणि हाताला लागला फास्ट बोलर.

यातली मेख साधी आहे. अश्विनला चेंडू वळवायला धूळ लागत नसे. बोटं होती, डोकं होतं, फलंदाजाला तीन षटकं फसवत नेऊन चौथ्यात गाठायची कला होती. चांगल्या खेळपट्टीवर त्याच्यात आणि पाहुण्यांच्या कामचलाऊ फिरकीपटूत जमीनअस्मानाचा फरक असे. धुळीच्या खेळपट्टीवर तो फरक पुसला जातो, कारण वळण तिथे रेशनवर मिळतं, सर्वांना सारखं. ज्याच्याकडे कला आहे त्याला जास्तीचं काही मिळत नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला फुकटात सगळं मिळतं. म्हणजे आपण आपलं श्रेष्ठत्व आपल्याच खर्चाने मोडीत काढतो आणि वर त्याला घरच्या मैदानाचा फायदा म्हणतो.

बरं, वळण तरी किती कामाला येतं? दुसऱ्या डावात विराट कोहलीने ओकीफचा एक चेंडू, आता वळेल मग वळेल म्हणून, बॅट वर उचलून सोडून दिला. तो वळला नाही. सरळ येऊन यष्ट्यांवर आदळला. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच मैदानावर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरला कोहली पुन्हा त्रिफळाचीत झाला. या वेळी चेंडू फुलटॉस होता. एक वळलाच नाही, दुसऱ्याचा टप्पाच पडला नाही. आता सांगा, यात मातीने काय केलं? मातीने फक्त भीती पुरवली. चेंडू वळण्यापेक्षा तो वळेल या धास्तीने माणूस जास्त बाद होतो, आणि ही धास्ती यजमानांना अधिक, कारण खेळपट्टी कशी सांगून बनवलीय हे त्यांनाच ठाऊक असतं.

सँटनरने त्या सामन्यात १३ गडी घेतले. त्याआधी कसोटीच्या एका डावात पाच बळी त्याने कधी घेतले नव्हते. आपण ११३ धावांनी हरलो आणि २०१२ पासून घरात न हरण्याची, १८ मालिकांची साखळी तुटली. याच सामन्याच्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांना उन्हात प्यायचं पाणी मिळेना, आरडाओरडा झाला आणि संघटनेला माफी मागावी लागली. खेळपट्टीला पाणी नाही आणि प्रेक्षकालाही नाही. समान न्याय म्हणतात तो एवढाच काय तो दिसला.

गहुंजे एकटं बदनाम होऊ नये म्हणून वानखेडेचीही नोंद करून ठेवतो. नोव्हेंबर २००४ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाच्या मायकेल क्लार्क नावाच्या नवख्या फलंदाजाने, कप्तानाने गंमत म्हणून चेंडू हाती दिल्यावर, नऊ धावांत सहा गडी घेतले. तो सामना आपण १३ धावांनी कसाबसा वाचवला. २०१२ मध्ये अहमदाबादची कसोटी जिंकल्यावर महेंद्रसिंह धोनीने जाहीर मागणी केली, की चेंडू पहिल्या दिवसापासून वळला पाहिजे. मागणी मान्य झाली. वानखेडेवर इंग्लंडच्या माँटी पानेसरने ११ आणि ग्रॅम स्वानने ८ गडी घेऊन आपल्याला दहा गडी राखून हरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या एजाज पटेलने ११ घेतले आणि १४७ धावांचा पाठलाग करताना आपण १२१ मध्ये गारद झालो. एजाजचा जन्म मुंबईचा. याच मैदानावर २०२१ मध्ये त्याने डावातले दहाच्या दहा बळी घेतले होते. निदान हा तरी आपला, असं म्हणून मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या, हे त्यांच्या खडूसपणाला न शोभणारं औदार्य.

हिशेब मांडला तर २००४ ते २०२४ या वीस वर्षांत भारत घरच्या मैदानावर तीनच कसोटी मालिका हरला, आणि तिन्ही वेळा पाहुण्यांचा मार्ग महाराष्ट्रातून गेला. २००४ ला नागपूर, २०१२ ला वानखेडे, २०२४ ला पुणे आणि वानखेडे. आमचा पाहुणचार प्रसिद्ध आहेच.

नागपूरची गोष्ट तर स्वतंत्र प्रकरण व्हावी अशी. २००४ साली तिथे आपल्या मंडळींना वळण हवं होतं, मिळालं गवत. हिरवं, ताजं, रवंथ करावंसं. सामन्याच्या सकाळी सौरव गांगुली खेळणार नसल्याचं कळलं, गवतावरून खूप कुजबुज झाली, आणि ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी जिंकून ३५ वर्षांनी भारतात मालिका खिशात घातली. पुढे जामठ्याला नवं मैदान झालं आणि नागपूरने प्रायश्चित्त घेतलं. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला ७९ धावांत गुंडाळलं, अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले, खेळ तीन दिवसांत खल्लास. आयसीसीने ‘खराब’ असा शेरा मारून समज दिली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाची माणसं सामन्याआधी येऊन पाहतात तर खेळपट्टीच्या मधल्या पट्ट्याला पाणी आणि डावखुऱ्यांच्या पायांपुढचा तुकडा कोरडा. त्यांना हे फार अघोरी वाटलं. आमच्याकडे नीरा-देवघरच्या आणि धोम-बलकवडीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना वाटलं नसतं. आवर्तन सुटलं की पाणी कोणाच्या रानात पोचतं आणि कोणाच्या बांधाशी येऊन आटतं, हे ज्याने पाहिलंय तो नागपूरच्या माळ्याला एका नजरेत ओळखेल.

तो सामना मात्र आपण एक डाव आणि १३२ धावांनी जिंकला. त्याच खेळपट्टीवर रोहित शर्माने १२० केल्या आणि आपल्या ४०० झाल्या. नाणेफेक ऑस्ट्रेलियाने जिंकली होती. खेळता येत होतं, त्यांना आलं नाही. इथे एक फरक करायला हवा, जो टीव्हीवरच्या चर्चेत कोणी करत नाही. चेंडू वळणं आणि चेंडूने वाटेल तसं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वळणाला उत्तर असतं: पाय पुढे, हात सैल, नाहीतर सरळ मागे जाऊन उशिरा खेळा. पण एक चेंडू घोट्याला आणि त्याच जागेवर पडलेला पुढचा छातीला, याला गावस्करकडेही उत्तर नसतं. काळ्या मातीत ही खोड जास्त. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. आमच्या नीराकाठच्या रानात एप्रिलात जाऊन बघा, भेगेत चप्पल अडकते. लाल मातीला उसळी बरी, पण पाणी तोडून गवत भादरलं की तिचाही वरचा थर भुगा होऊन उडतो. गवताची मुळं माती धरून ठेवतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. खेळपट्टी चौथ्या दिवशी म्हातारी व्हावी, हा तिचा निसर्ग. तिला जन्मतःच म्हातारी करायची, ही आपली फर्माईश.

आता परदेशी न्यायाधीशांकडेही बघू. जानेवारी २०२४ मध्ये केपटाउनला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांची कसोटी ६४२ चेंडूंत संपली. निकाल लागलेली इतकी आखूड कसोटी इतिहासात नाही. तिथे वळण औषधालाही नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्थला ॲशेसची पहिली कसोटी दोन दिवसांत आटोपली आणि सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘अत्युत्तम’ शेरा दिला. उसळी प्रामाणिक होती म्हणे. असेल. पण हीच दोन दिवसांची कसोटी ईडनवर झाली असती तर किती अग्रलेख पडले असते, याची कल्पना करा. पुढच्याच महिन्यात मेलबर्नलाही दोन दिवसांत खेळ खलास झाला, तेव्हा मात्र ‘असमाधानकारक’ म्हणायचं धाडस झालं. एकूण हिरव्या रंगाला जगात जरा जास्त विश्वासार्हता आहे, तपकिरी रंग दिसला की लोक पाकीट चाचपतात. हा दुटप्पीपणा खराच. पण तो दाखवून आपली फर्माईश धुतली जात नाही. पर्थच्या आधीच्या आठवड्यात ईडनवर आपण १२४ धावांचा पाठलाग करताना ९३ वर आडवे झालो, दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरने आठ गडी घेतले, आणि प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सांगितलं की आम्ही मागितली होती ती हीच खेळपट्टी. मागितलं ते मिळालं, यापरता दुसरा शाप नाही.

आणि हे आजचं आहे असं कोणाला वाटत असेल तर सांगलीला जा. विजय हजारे तिथले. त्यांच्या कप्तानीत भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. विनू मंकड यांनी फिरकीवर १२ गडी घेतले. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीची कसोटी कोणाला आठवत नाही. ती कानपूरला झाली, तिथेही चेंडू वळत होता, आणि तिथे टॅटरसॉल आणि हिल्टन या इंग्लंडच्या फिरकी जोडीने आपल्याला आठ गडी राखून हरवलं. मालिका १-१. म्हणजे आखाडा दोघांचा असतो, हा धडा आपल्याला पहिल्या विजयाच्याही आधी मिळाला होता. हजारे मात्र मातीवर विसंबून मोठे झाले नाहीत. १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल-मिलरच्या माऱ्यासमोर एकाच कसोटीत दोन शतकं ठोकणारा माणूस तो.

त्याच १९५२ सालात आमच्या साताऱ्याच्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्य आणलं. पैलवान मातीतला, स्पर्धा गादीवरची. चार वर्षांपूर्वी लंडनला गादीवर उतरून सहावे आले होते. परत आल्यावर ऑलिम्पिकवाल्यांनी आखाडा खणावा, अशी मागणी त्यांनी केली नाही. गादी शिकून घेतली. आपल्या महाराष्ट्र केसरीत तर आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींतले विजेते किताबासाठी भिडतात. ज्याला दोन्ही येतं तो केसरी. क्रिकेटमध्ये ज्याला एकच येतं तो पत्रकार परिषद घेतो.

फिरकीविरोधकांनीही फार खूश होऊ नये. इंग्रज साहेबाने हे कधी केलं नाही असं जर कोणी सांगत असेल तर त्याला १९५६ च्या ओल्ड ट्रॅफर्डची आठवण करून द्यावी. धूळ उडणारी खेळपट्टी, तक्रार करणारे ऑस्ट्रेलियन, आणि जिम लेकरचे सामन्यात १९ बळी. दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या टोनी लॉकला, जो स्वतः जातिवंत फिरकीपटू होता, त्याच मातीवर मिळाला एक. माती जर बळी घेत असती तर वाटणी दहा-दहा झाली असती.

आणि मग ‘निकोप, दोघांनाही समान’ म्हणून ज्या पाटा विकेटची आरती ओवाळली जाते, तिचं काय? पुण्यातच मार्च १९४९ मध्ये मुंबई-महाराष्ट्र रणजी उपांत्य सामना झाला. ६५१, ४०७, ८ बाद ७१४ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यात इतक्या धावा आजवर झालेल्या नाहीत. त्याच मोसमात, पुण्यातच, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला आणि काठियावाडने सामना सोडून दिला. मैदानावरून चालते झाले. न्याय-अन्यायाची चर्चा करायची तर त्या गोलंदाजांनाही बोलवा. दिवसेंदिवस ऊन खाऊन ज्यांना एक बळी मिळत नाही, त्यांच्यासाठी कुठलाही सामनाधिकारी ‘खराब’ शेरा लिहीत नाही. तीन दिवसांत संपलेल्या कसोटीची चौकशी होते आणि पाच दिवसांत न संपलेल्या कसोटीला ‘सकारात्मक बरोबरी’ म्हणतात. माझं मत विचाराल तर गहुंज्याचे तीन दिवस मी त्या २३७६ धावांपेक्षा आनंदाने पाहीन. निदान कोणीतरी बाद होतं.

खरा अन्याय आहे तो नाण्याचा. धुळीच्या खेळपट्टीवर चौथा डाव खेळणं म्हणजे शिक्षा, आणि ती शिक्षा कोणाला हे छाप-काटा ठरवतो. २०१७ च्या गहुंज्यात नाणं ऑस्ट्रेलियाने जिंकलं, २०२४ मध्ये गहुंजे आणि वानखेडे दोन्हीकडे न्यूझीलंडने. म्हणजे आपण फर्माईश करून खेळपट्टी बनवायची आणि तिची मलई पाहुण्यांनी खायची, हा धोका पन्नास टक्के. एवढ्या धोक्यावर आमच्या लोणंदच्या बाजारात कोणी कांदासुद्धा साठवत नाही.

यावर उपाय सापडलेला आहे आणि तो इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटने २०१६ पासून चार मोसम वापरूनही पाहिला. पाहुण्या कप्तानाला आधी गोलंदाजी करायची असेल तर त्याने तसं सांगावं, नाणं उडवायचंच नाही. त्याला नको असेल तरच नाणेफेक. हेतू असा, की यजमानांनी हिरवळ राखून पाहुण्यांना कोंडीत पकडू नये आणि फिरकीपटूंना थोडं काम मिळावं. कसोटीसाठी याच धर्तीवर नाणेफेक रद्द करण्याचा विचार आयसीसीच्या क्रिकेट समितीने मे २०१८ मध्ये मुंबईत बसून केला. अध्यक्ष अनिल कुंबळे. नाणेफेक हा खेळाचा अविभाज्य भाग आहे, असा निर्णय होऊन नाणं खिशात परत गेलं.

भारतीय मंडळाने आता तो ठराव स्वतःहून, घरच्या मालिकांपुरता मांडावा. पाहुण्या कप्तानाने सकाळी यावं, मातीत चावी खुपसून पाहावी आणि आधी बॅटिंग की बोलिंग ते सांगावं, बस. त्या दिवसापासून संघ व्यवस्थापनाचा क्युरेटरला येणारा फोन एका वाक्याचा होईल: बाबा रे, चांगली बनव. ठराव मांडायला कोणीही चालेल. अनुमोदनाला देशातले झाडून सगळे माळी हात वर करतील.